ताऱ्यांवर कोणी राहते का?



परग्रहावर बुद्धिमान जीव सापडले, तर आपल्या श्रद्धेचे काय होईल? मुले आम्हाला हे विचारतात. त्यांना आम्ही कार्डिनल निकोलस यांची गोष्ट सांगतो.

जर्मनीत मोझेल नदीकाठच्या कूस गावी, नावांचा धंदा करणाऱ्या घरात १४०१ साली त्यांचा जन्म झाला. इटलीत पादुआला ते ख्रिस्तसभेच्या कायद्याचे डॉक्टर झाले. १४४० साली त्यांनी लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी नाही, असे त्यांनी त्यात मांडले. कोपर्निकसचा ग्रंथ त्यानंतर १०३ वर्षांनी आला. देवाने इतके तारे निर्माण केले, ते ओसाड कशाला ठेवील? तिथेही रहिवासी असावेत, असे त्यांना वाटे. मात्र ते कसे असतील हे आपल्याला कळू शकत नाही, अशी कबुलीही त्यांनी दिली.

यासाठी त्यांना शिक्षा झाली नाही. उलट १४४८ साली पोप पाचवे निकोलस यांनी त्यांना कार्डिनल केले.

गावी त्यांनी ३३ वृद्धांसाठी आश्रम बांधला. प्रभू येशूच्या वयाची वर्षे तेवढीच मानतात. १४६४ साली ते वारले. त्यांचे हृदय त्याच आश्रमाच्या चॅपेलमध्ये पुरले आहे. आश्रम आजही चालू आहे.

देवाची करणी आपल्या बुद्धीत मावत नाही, हे ज्याने मान्य केले, त्याची श्रद्धा नव्या शोधाने डळमळत नाही. ताऱ्यांवरचे रहिवासी आपल्याला भेटतील न भेटतील. शेजारी एकटी राहणारी आजी मात्र वाट पाहते आहे. या आठवड्यात तिच्याकडे जाऊ या.