दोन बोटांचा गिटारवादक



स्नेहसंमेलन जवळ आले की शाळेत गिटारी दिसू लागतात आणि मोठ्या वर्गांतील मुलांचा वाद रंगतो : कोणता रॉक वादक श्रेष्ठ, कोण कोणाची नक्कल करतो? या वादात सहसा ज्याचे नाव येत नाही, अशा कलावंताची ही ओळख.

जँगो राइनहार्टचा जन्म २३ जानेवारी १९१० रोजी बेल्जियममध्ये, भटक्या रोमा कुटुंबात झाला. शेकडो वर्षांपूर्वी भारतातून युरोपात गेलेला हा समाज. पाण्याला त्यांच्या भाषेत आजही ‘पानी’च म्हणतात. जँगोचे बालपण पॅरिसबाहेरच्या तांड्यात गेले. शाळा मिळालीच नाही. बाराव्या वर्षाच्या सुमारास वाद्य हाती आले आणि तो ऐकून-पाहून शिकला.

२ नोव्हेंबर १९२८च्या रात्री त्याच्या गाडीतील घराला आग लागली. पत्नीने विक्रीसाठी बनवलेली सेल्युलॉइडची फुले क्षणात पेटली. अठरा वर्षांच्या जँगोच्या डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका कायमची आखडली. तारा दाबायचा हात नेमका तोच! सुमारे दीड वर्ष उपचार चालले. भाऊ जोसेफने गिटार आणून दिली. त्यावर जँगोने नवी पद्धत बसवली. सुरावट फक्त तर्जनी आणि मध्यमेने वाजवायची, आखडलेली बोटे कॉर्ड धरताना टेकू म्हणून वापरायची. बोटे कमी, म्हणून हात गिटारच्या दांड्यावर लांबवर धावू लागला. तीच त्याची शैली ठरली.

१९३४ साली व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेलीबरोबर त्याने पॅरिसमध्ये पाच जणांचा वाद्यवृंद गाजवला. त्यात ड्रम नव्हते, ताल गिटारच सांभाळत. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी लाखो रोमांची हत्या केली, जँगो वाचला. १६ मे १९५३ रोजी, वयाच्या ४३व्या वर्षी त्याचे निधन झाले.

पुढे १९६५ साली बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात टोनी आयोमी या सतरा वर्षांच्या मुलाच्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. तो डावखुरा, म्हणून तारा उजव्या हाताने दाबणारा. अपघात त्याच हाताला झाला. तो निराश असताना कारखान्यातील वरिष्ठाने त्याला जँगोची तबकडी ऐकवली. टोनीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल करून खालच्या सुरात लावल्या. ‘ब्लॅक सॅबथ’चा तो जड, गंभीर आवाज असा घडला.

दोघांचे संगीत ऐका, जराही साम्य आढळणार नाही. टोनीने जँगोची सुरावट उचलली नाही, हिंमत उचलली. प्रभाव आणि नक्कल यांतला फरक तो हाच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. शाळा न मिळणे हे जँगोचे भाग्य नव्हते. अक्षरओळखही त्याला मोठेपणी, ग्रापेलीच्या मदतीने करून घ्यावी लागली. पालकांनाही विनंती, मूल अडखळले तर लगेच वाद्य काढून घेऊ नका. त्याला त्याची वाट शोधू द्या.

– प्राचार्य