पाठवणारा स्वतःच निघाला

आजचे वाचन: १ तीमथ्य ४:६-१६ आणि योहान १३:१-१७



तरुण आहेस म्हणून कोणी तुला कमी लेखू नये, असं पौल तीमथ्याला सांगतो. आपल्या कॅम्पच्या बॅनरवर, टी-शर्टवर हे वचन हमखास असतं. पण त्याचा पुढचा भाग बॅनरवर बारीक अक्षरांत येतो, कधी कधी येतच नाही. बोलण्यात, वागण्यात, प्रीतीत, विश्वासात आणि शुद्धतेत तू इतरांपुढे नमुना हो, असा तो भाग आहे. म्हणजे मान मागायचा नाही, मान वाटावा असं जगायचं. आज हे वचन वाचताना मला एका यूथ लीडरची आठवण झाली. त्यांना जाऊन ऐंशी वर्षं झाली, पण त्यांच्यापुढचे प्रश्न अगदी आपलेच आहेत. त्यांचं नाव वेदनायगम सॅम्युएल अझरया. बरेच जण त्यांना बिशप अझरया म्हणून ओळखतात. पण बिशप होण्याआधी तब्बल चौदा वर्षं ते तरुणांमध्ये काम करत होते, आणि मला वाटतं खरी गोष्ट तिथेच घडली.

अझरयांचा जन्म १७ ऑगस्ट १८७४ रोजी तमिळ मुलखात, तिरुनेलवेली भागातल्या वेल्लालनविळै नावाच्या खेड्यात झाला. वडील थॉमस वेदनायगम हे हिंदू धर्मातून ख्रिस्ताकडे आलेले आणि त्या गावचे पाळक होते. बऱ्याच वर्षांच्या प्रतीक्षेनंतर हा मुलगा झाला, म्हणून हन्नेच्या गोष्टीची आठवण ठेवून नाव ठेवलं शमुवेल, म्हणजे सॅम्युएल. मुलगा पंधरा वर्षांचा व्हायच्या सुमारास वडील गेले. आईने त्याला प्रार्थनेत आणि शिस्तीत वाढवलं.

पुढे ते मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गेले. विषय गणित. आपल्यापैकी इंजिनिअरिंगवाल्यांना हे ऐकून जरा आपुलकी वाटेल! पण पदवी काही त्यांच्या हाती आली नाही. शेवटचा टप्पा राहून गेला आणि ते पुन्हा त्यामागे लागले नाहीत. कॉलेजात असतानाच मात्र त्यांनी एक काम केलं. ख्रिस्ती विद्यार्थ्यांमध्येसुद्धा जातीच्या भिंती होत्या. कोण कोणाबरोबर जेवणार, कोण कोणाशी सोयरीक करणार, हे बाप्तिस्म्यानंतरही जातच ठरवत होती. या भिंती मोडायच्या म्हणून त्यांनी मित्रांबरोबर एक मंडळ उभं केलं. तेव्हा ते आपल्या कॉलेज ग्रुपमधल्या मुलांच्या वयाचे होते, हे लक्षात घ्या.

१८९५ साली, वीस-एकविसाव्या वर्षी, ते वाय.एम.सी.ए.चे सेक्रेटरी झाले. लंडनमध्ये १८४४ साली कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या जॉर्ज विल्यम्स नावाच्या तरुणाने मित्रांना घेऊन सुरू केलेली ही संस्था. आता ती भारतातल्या शहरांतही पसरली होती. अझरयांचं काम दक्षिण भारतभर फिरण्याचं: बायबल अभ्यास घ्यायचे, तरुणांच्या सभा भरवायच्या, नव्या शाखा बांधायच्या. १८९६ मध्ये अमेरिकेहून शेरवुड एडी नावाचा तरुण याच कामासाठी आला. तो येलमध्ये शिकलेला, सुखवस्तू घरातला, तर हे खेड्यातल्या पाळकाचे चिरंजीव. दोघांची अशी गट्टी जमली की ती आयुष्यभर टिकली. दोघं एकत्र प्रवास करायचे, एकत्र प्रार्थना करायचे. गोरा साहेब आणि काळा मदतनीस अशी विभागणी सर्रास होती त्या काळात ही मैत्री सोपी नव्हती. ती पुढे कशी कामी आली ते येतंच.

१८९८ साली त्यांचं लग्न अन्बू यांच्याशी झालं. कॉलेजात शिकलेल्या दक्षिणेतल्या पहिल्या काही ख्रिस्ती स्त्रियांपैकी त्या एक. लग्न हुंडा न घेता, अगदी साधेपणाने झालं. व्यासपीठावरून जे शिकवलं ते आधी स्वतःच्या मांडवात करून दाखवलं. तीमथ्याच्या पत्रातला नमुना म्हणतात तो हाच.

आता या गोष्टीतला माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग.

१९०२ साली अझरया श्रीलंकेतल्या जाफन्याला गेले. तिथली तमिळ मंडळी काही फार मोठी नव्हती. पण त्या लोकांनी आपल्यातूनच सेवक निवडले होते, आपल्याच पैशाने ते दूर पाठवले होते. हे बघून अझरया अस्वस्थ झाले. तिरुनेलवेलीत तर ख्रिस्ती लोक हजारोंनी होते, पिढ्यान्‌पिढ्यांचे विश्वासणारे होते, मोठमोठी चर्च होती. आणि तरी बाहेर कोणालाच पाठवलं नव्हतं. सुवार्ता परदेशी मिशनऱ्यांनी आणायची आणि आपण ती नुसती घेत राहायचं, अशी सवय लागली होती.

आपण असं काही बघून आलो की काय करतो? एक छानसा व्हिडिओ टाकतो, पुढच्या रविवारी साक्ष देतो, आणि महिनाभरात सगळं थंड होतं. अझरया परत आले आणि कामाला लागले. १२ फेब्रुवारी १९०३ रोजी तिरुनेलवेलीत इंडियन मिशनरी सोसायटी स्थापन झाली. तत्त्व सरळ होतं: माणसं भारतीय, पैसा भारतीय, कारभारही भारतीय. या सोसायटीने निजामाच्या राज्यातला तेलुगू भाषेचा डोर्नकल हा भाग निवडला. पाठोपाठ २५ डिसेंबर १९०५ रोजी, नाताळच्या दिवशी, बंगालमधल्या सेरामपूरला विल्यम केरींच्या ग्रंथालयात नॅशनल मिशनरी सोसायटीची स्थापना झाली. वेगवेगळ्या पंथांचे, वेगवेगळ्या प्रांतांचे भारतीय ख्रिस्ती त्यात एकत्र आले. तिचे पहिले सेक्रेटरी अझरयाच.

म्हणजे वयाच्या एकतिसाव्या वर्षी देशभर नाव झालेलं, दोन संस्था उभ्या केलेल्या, तरुणांना जा म्हणून सांगणारा वक्ता म्हणून मान मिळालेला. इथेच थांबले असते तरी आपण त्यांना थोर म्हटलं असतं.

पण एक प्रश्न त्यांना सोडेना. मी इतरांना जा म्हणतो, मग मी का जात नाही?

१९०९ मध्ये त्यांनी वाय.एम.सी.ए.चं काम सोडलं, दीक्षा घेतली आणि आपल्याच सोसायटीचे सेवक म्हणून डोर्नकलला गेले. तेव्हा ते पस्तिशीला आले होते, बायको होती, मुलं होती. भाषा परकी, तेलुगू शिकण्यापासून सुरुवात. ज्यांच्यात जायचं ते बहुतेक माला आणि मादिगा समाजाचे, गावकुसाबाहेरचे, शेतमजुरी करणारे, अक्षरओळख नसलेले लोक. सभागृहं गेली, बैलगाडीचा प्रवास आला.

आमच्या क्षेत्रात प्रोजेक्ट सोडताना दुसऱ्याला काम समजावून द्यावं लागतं. सगळी माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असली तर तो माणूस कितीही हुशार असो, टीमसाठी तो धोकाच असतो. सेवेतही हेच आहे. अझरया निघाले तेव्हा काम अडलं नाही, कारण सांभाळणारी माणसं होती. त्यांचे सहकारी के. टी. पॉल यांनी नॅशनल मिशनरी सोसायटीची धुरा घेतली, आणि पुढे तेच भारतातल्या वाय.एम.सी.ए.चे पहिले भारतीय राष्ट्रीय सेक्रेटरी झाले. आपल्या यूथ ग्रुपमध्ये दहा-दहा वर्षं माइक एकाच हातात असतो, आणि तो भाऊ नोकरीसाठी बंगळूरला गेला की ग्रुप बंद पडतो. दोष त्या भावाच्या तळमळीत नसतो. पुढचा माणूस तयारच केलेला नसतो.

पुढच्याच वर्षी, १९१० मध्ये, एडिनबर्गला जागतिक मिशनरी परिषद भरली. सुमारे १२०० प्रतिनिधी, त्यात आशियातल्या मंडळ्यांचे वीससुद्धा नव्हते. अझरयांना तिथे बोलायची संधी मिळाली. त्यांनी मिशनऱ्यांच्या त्यागाचे मनापासून आभार मानले, आणि मग सरळ सांगितलं की तुम्ही आमच्यासाठी खूप काही दिलंत, पण आम्हाला बरोबरीने वागवणारे मित्र हवे आहेत. ऐकणाऱ्यांपैकी काही जण दुखावले. पण हे बोलायचा अधिकार त्यांना होता, कारण एडीबरोबर अशी मैत्री ते चौदा वर्षं जगत होते. तक्रार करणारे पुष्कळ असतात. प्रेमाने आणि तोंडावर सांगणारे थोडे.

२९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये ते डोर्नकलचे बिशप झाले. अँग्लिकन मंडळीतले पहिले भारतीय बिशप. सुरुवातीला हाताखाली मूठभर भारतीय पाळक होते. पद मोठं झालं, पण काम तेच राहिलं: खेड्याखेड्यांत फिरणं, शिकवणं, गावातल्याच माणसांना पाळक आणि शिक्षक म्हणून तयार करणं. घाण, रोग, कर्ज आणि दारू यांना ते चार भुतं समजत आणि त्यांच्याविरुद्ध शिकवत. नवीन बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला ते स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावायचे आणि १ करिंथ ९:१६ मधला पौलाचा निर्धार त्याच्याकडून म्हणवून घ्यायचे, की सुवार्ता सांगितली नाही तर माझी धडगत नाही. जो माणूस कालपर्यंत गावात कोणाच्या खिजगणतीत नव्हता, तो आज सेवक झाला! पाहता पाहता डोर्नकलच्या मंडळीत एक लाखाहून जास्त लोक आले.

डोर्नकलचं एपिफनी कॅथेड्रल १९३९ मध्ये समर्पित झालं. देवळासारखे खांब, मशिदीसारखे घुमट आणि मिनार, आणि आत ख्रिस्ताची उपासना. काझीपेटहून विजयवाड्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर हे गाव आहे. कधी त्या बाजूला गेलात तर जरूर बघा.

सगळंच जिंकलं असं नाही. धर्मांतराच्या प्रश्नावर गांधीजींशी त्यांचे मतभेद झाले आणि ते मिटले नाहीत. १९३५ मध्ये येवल्याला डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, त्यानंतर अझरयांची त्यांच्याशी बोलणी झाली. इतक्या पंथांत विभागलेल्या मंडळीत आल्यावर आपले लोक एक राहतील का, हा आंबेडकरांचा प्रश्न होता. अझरयांकडे त्याचं समाधानकारक उत्तर नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांना फार लागली. मंडळ्यांच्या ऐक्यासाठी ते १९१९ पासून झटत होते. आज ज्याचं मुख्यालय आपल्या नागपूरला आहे त्या राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेचे ते अनेक वर्षं अध्यक्ष होते. १ जानेवारी १९४५ रोजी ते प्रभूकडे गेले. चर्च ऑफ साउथ इंडिया २७ सप्टेंबर १९४७ रोजी स्थापन झालं. ज्या ऐक्यासाठी आयुष्य घातलं ते बघायला ते नव्हते.

आता योहान १३ पुन्हा वाचा. येशू पंगतीवरून उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. तो गुरू होता हे त्याने नाकारलं नाही. गुरू असूनच तो खाली वाकला. अझरयांचं आयुष्य याच दिशेने गेलं. मोठ्या सभेतून ते छोट्या खेड्यात गेले. बिशप झाल्यावरही गावकुसाबाहेरच्या माणसांतच राहिले.

आज मनन करण्यासाठी तीन प्रश्न:

१. मी ग्रुपमध्ये जे शिकवतो, ते माझ्या घरात, माझ्या लग्नाच्या बोलणीत दिसतं का? बायोडेटामध्ये आपण अजून जात विचारतो का?

२. मी उद्या दुसऱ्या शहरात गेलो तर माझी सेवा कोण पुढे नेईल? त्या व्यक्तीचं नाव आज सांगता येईल का?

३. मी इतरांना जिथे जा म्हणतो, तिथे मी स्वतः कधी जाणार?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकासाठी डोर्नकल असेलच असं नाही. तुमच्या सोसायटीतल्या वॉचमनच्या मुलाला शनिवारी शिकवणं हेही असू शकतं. पण काहीतरी नक्कीच असेल, आणि बहुतेक वेळा ते काय आहे हे आपल्याला आधीपासून माहीत असतं.

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू आमचे पाय धुतलेस. आम्हाला पुढे उभं राहायला आवडतं, हे तुला माहीत आहे. आम्हाला वाकायला शिकव. तू दिलेली माणसं घडवायला आणि वेळ आली की काम त्यांच्या हाती सोपवायला धैर्य दे. आणि जिथे तू पाठवशील तिथे इतरांना सांगण्याआधी आम्हीच निघू, असं कर. तुझ्याच नावात मागतो, आमेन.