रे. इंग पून च्यू : देशबांधवांस कायदा समजावून देणारे संपादक

परक्या देशी पोटासाठी गेलेल्या मनुष्यास दोन गोष्टींचे भय असते. एक तेथील कायद्याचे, आणि दुसरे तो कायदा केव्हा व कसा बदलला हे आपणास न कळण्याचे. हे दुसरे भय आपल्या बांधवांच्या मनातून दूर व्हावे म्हणून ज्यांनी आयुष्याची तीस वर्षे वेचली, अशा एका चिनी पाळकाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

इंग पून च्यू यांचा जन्म १८६६ साली दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतात झाला. इंग हे त्यांचे कुलनाम होय. चिनी रीतीप्रमाणे ते आधी येते. १८८१ साली, पंधरा वर्षांचे असताना, ते कॅलिफोर्नियात आले व घरकाम करून राहू लागले. मिशनच्या शाळेत ते इंग्रजी शिकले, तेथेच त्यांस ख्रिस्ती धर्माची ओळख झाली, व पुढे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९२ साली सान फ्रान्सिस्को येथील धर्मशिक्षणशाळेतील अभ्यास संपवून ते प्रेस्बिटेरियन मंडळीचे दीक्षित पाळक झाले. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. काही वर्षे त्यांनी लॉस एंजेलिस येथील चिनी मंडळीची सेवा केली.

ते अमेरिकेत आले त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८२ च्या मे महिन्यात, तेथील काँग्रेसने चिनी मजुरांस देशात येण्याची बंदी करणारा कायदा केला. ही बंदी दहा वर्षांपुरती होती. परंतु ती वाढत गेली आणि तिची कलमे वरचेवर बदलत गेली. १८८८ साली एका नव्या कायद्याने, परत येण्याचे दाखले घेऊन स्वदेशी भेटीस गेलेल्या सुमारे वीस हजार मजुरांचे दाखले एकाएकी रद्द ठरले. कित्येक जण त्या वेळी समुद्रावर होते. बंदरास पोहोचल्यावर त्यांस कळले की, हातातील कागदास आता काही किंमत उरली नाही.

१८९२ साली प्रत्येक चिनी मजुराने एका वर्षाच्या आत सरकारदरबारी नाव नोंदवून रहिवासाचा दाखला घ्यावा, नाहीतर त्यास हद्दपार करावे, असे ठरले. चिनी लोकांच्या प्रमुख संघाने हा कायदा कोर्टात टिकणार नाही अशा भरवशावर लोकांस नोंदणी न करण्याचा सल्ला दिला, व बहुतेकांनी तो मानला. परंतु १८९३ च्या मे महिन्यात वरिष्ठ कोर्टाने कायदा योग्य ठरविला. तोपर्यंत नोंदणीची मुदत संपून गेली होती! पुढे काँग्रेसने सहा महिन्यांची सवलत दिली म्हणून हजारो लोक वाचले. हेतू चांगला असला तरी चुकीच्या सल्ल्याने केवढा अनर्थ ओढवू शकतो, हे तरुण पाळकाच्या डोळ्यांदेखत घडले.

लॉस एंजेलिस येथे त्यांनी प्रथम एक चिनी साप्ताहिक काढले. १९०० च्या फेब्रुवारीत ते सान फ्रान्सिस्कोस नेऊन त्यांनी त्याचे दैनिक केले, व त्यास चुंग साय यात पो, म्हणजे चीन व पश्चिम यांचे दैनिक, असे नाव दिले. चिनी लिपीत हजारो अक्षरचिन्हे असतात. एकेक खिळा वेचून रोज अंक जुळविणे हे केवढे कष्टाचे काम असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

पत्र निघाले न निघाले तोच चिनी वस्तीत प्लेगचा संशय उत्पन्न झाला. हाफकिन साहेबांनी मुंबईत तयार केलेली लस टोचून घेतल्यावाचून कोणाही चिनी माणसाने शहराबाहेर जाऊ नये, असा हुकूम निघाला. हा हुकूम केवळ एका वंशाच्या लोकांस लावला होता, म्हणून त्याच वर्षी कोर्टाने तो अमान्य केला. हुकूम कोणता व तो उठला की नाही, हे लोकांस त्यांच्या भाषेत सांगणाऱ्या पत्राची गरज तेव्हा सर्वांस पटली असेल.

खरी अडचण बारीक कलमांत होती. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक, सरकारी अधिकारी व प्रवासी यांस बंदी नव्हती. परंतु १८९८ साली सरकारच्या कायदेपंडितांनी असा अर्थ लावला की, या पाच वर्गांत ज्याचे नाव नाही तो प्रत्येक जण बंदीतच येतो. मग वैद्य असो की सावकार असो. व्यापाऱ्यास परत यावयाचे तर जाण्यापूर्वी एक वर्ष आपण व्यापारच केला, अंगमेहनतीचे काम केले नाही, हे चिनी नसलेल्या दोन साक्षीदारांकडून सिद्ध करावे लागे. मजुराचे कुटुंब अमेरिकेत असले किंवा तेथे त्याची हजार डॉलरांची मालमत्ता असली, तरच त्यास स्वदेशी जाऊन परत येता येई. तेही आगाऊ दाखला घेऊन व बहुधा एका वर्षाच्या आत. एक तारीख चुकली की संसार मोडला! असे कायदे, निवाडे व हुकूम लोकांच्या भाषेत आणणे हे या दैनिकाचे एक मोठे काम होते.

च्यू यांनी दुसरेही काम अंगावर घेतले. अमेरिकन लोकांस वस्तुस्थिती कळावी म्हणून १९०५ साली एका अमेरिकन स्नेह्यासह व १९०८ साली स्वतंत्रपणे त्यांनी इंग्रजीत पुस्तिका लिहिल्या. मजुरांकरिता केलेला कायदा व्यापारी व विद्यार्थी यांच्याही छळास कसा कारण होतो, हे त्यांनी दाखविले. गावोगावी व्याख्याने देताना ते इतक्या विनोदाने बोलत की, विरोधीही हसत व ऐकत.

१९०६ च्या एप्रिलात भूकंप व आग यांनी सान फ्रान्सिस्को शहर उद्ध्वस्त झाले, छापखानाही गेला. परंतु लवकरच खाडीपलीकडील ओकलंड येथून पत्र पुन्हा निघू लागले. चिनी वस्ती शहराबाहेर हलविण्याचा घाट काहींनी घातला, तेव्हा आपल्या जागा सोडू नका, तेथेच घरे बांधा, असा उपदेश पत्राने केला. आणि वस्ती जागच्या जागी उभी राहिली.

१९१० साली एंजल बेटावर तपासणीचे ठाणे उघडले. तेथे आलेल्यांस आठवडेच्या आठवडे, कधी महिने, कोंडून ठेवीत. गावात घरे किती, पायऱ्या किती, असे प्रश्न विचारीत, व उत्तरे नातलगांच्या उत्तरांशी ताडून पाहात. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातील लोकांसही त्या देशाचे दार बंद झाले. १९२४ च्या कायद्याने तर अमेरिकन नागरिक असलेल्या चिनी पुरुषाच्या चीनमधील पत्नीसही येण्यास मनाई झाली.

१९३१ च्या मार्चात च्यू निवर्तले. ज्या कायद्याशी ते जन्मभर झगडले, तो १९४३ साली रद्द झाला. तरीही वर्षास केवळ १०५ चिनी लोकांस प्रवेश मिळू लागला. हिंदुस्थानच्या लोकांस १९४६ साली अशीच शंभरांची परवानगी मिळाली. हे पाहावयास च्यू नव्हते. त्यांचे पत्र मात्र पुढेही काही वर्षे चालू होते.

च्यू यांस कायदा बदलता आला नाही. परंतु कायद्याच्या अज्ञानामुळे आपला बांधव बुडू नये, एवढे त्यांनी रोज पाहिले. आपल्या मंडळ्यांतूनही तरुण मंडळी दूर देशी चाकरीस जातात. त्यांस निरोप देताना प्रार्थना तर करावीच. परंतु हातातील कागद कोणता, त्याची मुदत किती व नियम कोणता, हे जाणत्याकडून नीट समजून घेऊन त्यांस सांगावे. हीही परक्याची व शेजाऱ्याची सेवाच होय.