हळदोण्याचे चिक चॉकलेट

पेडणे-डिचोलीच्या देवळांत भजन शिकतात ते बुवांच्या तोंडून ऐकून. बारदेशात चर्चच्या शाळेत मात्र मुलांना कागदावरचे सूर वाचायला शिकवत. १९१६ साली हळदोण्यात जन्मलेले आंतोनियो शावियर वाझ या दुसऱ्या वाटेने संगीतात आले. मुलाने मेकॅनिक व्हावं, चार पैसे कमवावेत, असं आईला वाटायचं. मुलाने ट्रंपेट हातात घेतली आणि पुढे मुंबईत तो चिक चॉकलेट या नावाने गाजला.

त्यांचं दैवत लुई आर्मस्ट्राँग. तसाच घोगरा आवाज, हातात तसाच रुमाल. १९४० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजू लागला आणि लोक त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. पण पुढे इंग्रज गेले, मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतलं काम आटत गेलं. गोव्याचे कितीतरी वादक फिल्म स्टुडिओकडे वळले.

तिथे चिक यांची जोडी जमली सी. रामचंद्रांशी. हे पुणतांब्याचे मराठी गृहस्थ. चाल त्यांच्या गळ्यात असायची. पण अख्ख्या ऑर्केस्ट्राने ती एकदम वाजवायची तर कागदावर उतरायला हवी. सॅक्सोफोन कुठे शिरणार, ट्रंपेट कुठे उत्तर देणार, हे आधी ठरायला हवं. इथे चर्चच्या शाळेतलं शिक्षण कामी आलं. ‘अलबेला’ (१९५१) ची गाणी ऐका: चाल ओठांवर बसणारी, ठेका लॅटिन, मधल्या जागांत जॅझ. फ्यूजन हा शब्द आपल्याकडे रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

‘नादान’ (१९५१) आणि ‘रंगीली’ (१९५२) या चित्रपटांना संगीतकार म्हणून चिक यांचं नाव लागलं. बाकीचं त्यांचं बहुतेक काम दुसऱ्यांच्या नावाखाली राहिलं. त्यांच्यासोबतच्या बऱ्याच गोवेकर वादकांच्या वाट्याला तर तेवढंही आलं नाही. १९६७ साली, जेमतेम पन्नाशी ओलांडून, चिक गेले.

गाणं आपण गायकाच्या नावाने लक्षात ठेवतो, फार तर संगीतकाराच्या. कागदावर सूर मांडणारा माणूस मात्र राहून जातो, मग तो आपल्या शेजारच्या गावचा का असेना. ‘अलबेला’च्या एका गाण्यात चिक आपल्या बँडसकट पडद्यावर आहेत, झालरीच्या बाह्यांचा शर्ट घालून. पुढच्या वेळी पाहाल तेव्हा नाचणाऱ्यांवरून नजर जरा मागे न्या.