स्प्रिंग मऊ ठेवणारा माणूस

गाडी खाली बसवून, कडक स्प्रिंगा टाकून फिरणारा एक तरी मित्र तुमच्या ग्रुपमध्ये असणारच. त्याच्या मागच्या सीटवर बसून तुम्ही एखाद्या स्पीडब्रेकरवरून गेलाही असाल. कंबर अजून विसरली नसेल. तक्रार केली की त्याचं उत्तर ठरलेलं असतं, स्पोर्ट्स कार कडकच असते, नाहीतर ती स्पोर्ट्स कार कसली?

त्याला कॉलिन चॅपमनबद्दल सांगा. या माणसाच्या हयातीत त्याच्या लोटस संघानं फॉर्म्युला वनमध्ये कन्स्ट्रक्टर्सची 7 विजेतेपदं मिळवली. आणि याच माणसानं रस्त्यावर चालवायच्या स्पोर्ट्स कारला मऊ स्प्रिंगा लावल्या.

चॅपमनचा जन्म 1928 चा, इंग्लंडमधला. लहानपण उत्तर लंडनमध्ये गेलं, वडील हॉटेल चालवायचे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये तो स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकत होता, म्हणजे पूल आणि इमारती उभ्या कशा राहतात ते. अभ्यासापेक्षा जुन्या गाड्या विकण्यात जास्त लक्ष. मग 1947 मध्ये सरकारनं खाजगी गाड्यांचं पेट्रोल रेशन बंद केलं, धंदा बसला आणि हातात एक न विकलेली ऑस्टिन सेव्हन उरली. गणिताचा पेपरही राहिला. तो पुन्हा देऊन त्यानं एक वर्ष उशिरा, 1949 ला डिग्री घेतली. (एटीकेटीवाल्यांनो, ऐकताय ना?) त्या उरलेल्या ऑस्टिनची मोडतोड करून त्यानं जी रेसची गाडी बनवली, ती पहिली लोटस. पुढे 1952 ला कंपनी काढली, ती त्याच्या मैत्रिणीनं, हेझलनं दिलेल्या 25 पौंडांवर. दोन वर्षांनी दोघांनी लग्न केलं.

आता स्प्रिंगकडे येऊ. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश स्पोर्ट्स कार दणकट स्प्रिंगांच्या आणि लवचीक चासीच्या असत. वळणावर गाडी झुकू नये म्हणून स्प्रिंग कडक करायची. पण मग खड्डा आला की स्प्रिंग दबतच नाही, चासीच पिळवटते. चासीला काही शॉकअप नसतो, त्यामुळे ती हलत राहते आणि चाकं कुठल्या कोनात उभी आहेत याचा भरवसा राहत नाही. वर चाक उडतं ते वेगळंच. आणि टायर हवेत असताना पकड शून्य असते, मग तुम्ही त्याला कितीही पैसे मोजलेले असोत.

पूल शिकलेल्या माणसाला हे उलटं दिसलं. सांगाडा ताठ हवा आणि हलायचं काम स्प्रिंगनं करायचं. 1962 ला आलेल्या लोटस एलानमध्ये ही गोष्ट नीट बघायला मिळते. गाडीच्या मधोमध पाठीच्या कण्यासारखी स्टीलची एकच पोकळ पेटी, दोन्ही टोकांना ती दुभंगून इंजिन आणि सस्पेन्शन धरते, वरून फायबरग्लासची बॉडी. रॉन हिकमन या डिझायनरचा यात मोठा हात होता. गंमत अशी सांगतात की हा कणा आधी फक्त सस्पेन्शनच्या चाचणीसाठी तात्पुरता बनवला होता. तो इतका ताठ निघाला की तोच ठेवला. मग स्प्रिंगा मऊ, चाकाला वर-खाली जायला भरपूर जागा, आणि त्या मऊ स्प्रिंगांना आवर घालायला नीट जुळवलेले शॉकअप. एलान वळणावर झुकायची, पण तिची चाकं रस्ता सोडायची नाहीत.

थोडं गणित, घाबरू नका. गाडी दाबून सोडली की ती स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा वर-खाली होते, हा खरा आकडा. साध्या फॅमिली कारचा तो साधारण 1 ते 1.5 असतो, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारचा 1.5 ते 2. माणसाच्या शरीराला सर्वात जास्त त्रास होतो तो 4 ते 8 च्या आसपास. हा आकडा दुप्पट करायचा तर स्प्रिंग चौपट कडक करावी लागते. आणि वजन निम्मं असेल तर निम्म्या कडकपणाची स्प्रिंगही तोच आकडा देते. म्हणजे नुसतं अमुक स्प्रिंग किती कडक, हे विचारण्यात अर्थ नाही. तिच्यावर वजन किती, हे आधी विचारायचं. एलान होती सुमारे 700 किलोची. चॅपमन ग्रॅम-ग्रॅम कापायचा ते यासाठीही.

त्या कापाकापीला दुसरी बाजू आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. लोटस नाजूक असतात, असं खुद्द ड्रायव्हर म्हणायचे. योहेन रिंट त्यातला एक. 1970 मध्ये मोंझाच्या सरावात तो लोटसमध्येच गेला. त्या वर्षीचं विजेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं.

आणि मग नियतीनं चॅपमनची फिरकी घेतली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्याच्याच संघानं गाडीचा तळ उलट्या पंखासारखा केला. हवा गाडीला जमिनीकडे खेचू लागली, 1978 ला मारिओ आंद्रेत्ती विश्वविजेता झाला. पण ही जादू टिकते ती गाडी जमिनीपासून ठरावीक उंचीवर राहिली तरच. म्हणून सगळ्यांच्याच स्प्रिंगा कडक होत गेल्या, इतक्या की चाकाला हलायला जेमतेम जागा. ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोरचा ट्रॅक थरथरायला लागला. मऊ स्प्रिंगवाल्यानंच सगळ्यांना दगडावर बसवलं!

यावर त्यानं काढलेला तोडगा मला त्याच्या सगळ्या विजेतेपदांपेक्षा जास्त आवडतो. लोटस 88 मध्ये त्यानं एकात एक अशा दोन चासी बसवल्या. बाहेरची कडक स्प्रिंगांवर, हवेचा दाब झेलायला. आतली मऊ स्प्रिंगांवर, ड्रायव्हरसाठी. 1981 मध्ये लाँग बीचला ती सरावात उतरली, बाकीच्या संघांनी आरडाओरडा केला आणि गाडीवर बंदी आली. एकाही शर्यतीत ती धावली नाही. चॅपमनच्या हे फार जिव्हारी लागलं. त्याच सुमाराला डेलोरियन गाडीच्या पैशांचं प्रकरणही उकरलं जात होतं, आणि त्यातून त्याचं नाव पुढे कधीच पूर्ण सुटलं नाही.

रस्त्यावरची एलान मात्र टिकली. 1989 ला आलेल्या माझदा एमएक्स-5 च्या मागे तिचीच प्रेरणा होती. तुमच्या मित्राला यूट्यूबवर दोन्हींचे व्हिडिओ दाखवा, वळणावर किती झुकतात ते बघू दे.

16 डिसेंबर 1982 ला चॅपमन हार्ट ॲटॅकनं गेला, 54 व्या वर्षी. त्याच दिवशी त्याचा संघ एका नव्या गाडीची चाचणी घेत होता. तिचं सस्पेन्शन किती मऊ आणि किती कडक ठेवायचं, हे गाडी धावत असताना कॉम्प्युटर ठरवणार होता.