लिंडबर्गच्या ८ वर्षं आधी अटलांटिक ओलांडणारी 'लंगडी' उडती बोट

अटलांटिक महासागर विमानानं पहिल्यांदा कोणी पार केला? बहुतेक जण चार्ल्स लिंडबर्गचं नाव घेतात. थोडं जास्त वाचलेले अल्कॉक आणि ब्राउनचं नाव सांगतात.

पण या सगळ्यांच्या आधी पलीकडे पोहोचला होता अमेरिकन नौदलातला अल्बर्ट कुशिंग रीड.

१८८७ साली न्यू हॅम्पशायरमध्ये जन्मलेला रीड नौदलात जहाजांवर होता. १९१५ मध्ये तो पायलट झाला. चेहऱ्यावर कुठलाच भाव दिसायचा नाही, म्हणून सहकाऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं 'पट्टी'. हो, तीच ती भिंतीला लावायची पुट्टी.

पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या. त्यामुळं जहाजात न भरता थेट उडत युरोप गाठतील अशा उडत्या बोटी नौदलाला हव्या होत्या. पोट बोटीसारखं, वर पंख आणि ४ इंजिनं. पण त्या तयार होईपर्यंत युद्ध संपलं. मग ठरलं, निदान अटलांटिक तरी पार करून दाखवायचा.

८ मे १९१९ ला न्यूयॉर्कजवळून तीन बोटी निघाल्या. रीडकडे होती एनसी-४. पहिल्याच दिवशी तिची इंजिनं बंद पडली. रीडनं ती समुद्रात उतरवली आणि रात्रभर पाण्यावरून चालवत किनाऱ्याला आणली. पेपरवाल्यांनी तिला 'लंगडं बदक' ठरवलं.

१६ मे च्या संध्याकाळी तिघींनी न्यूफाउंडलंड सोडलं. वाट दाखवायला साधारण दर ५० मैलांवर एक युद्धनौका उभी होती. पण सकाळी दाट धुकं आलं. वाट शोधायला एनसी-१ आणि एनसी-३ पाण्यावर उतरल्या आणि लाटांनी त्यांची मोडतोड केली. एकीतली माणसं एका ग्रीक जहाजानं वाचवली. दुसरीत होता मोहिमेचा प्रमुख जॉन टॉवर्स. तो २०० मैल लाटांशी झुंजत कसाबसा अझोर्स बेटांवर पोहोचला.

रीड मात्र धुक्याच्या वर राहिला. वायरलेसवर दिशा घेत, फटीतून जमीन दिसताच खाली आला आणि १५ तासांनी अझोर्समधल्या होर्ता इथं उतरला.

आता पेच असा, की टॉवर्स वरिष्ठ होता. नौदलाच्या रिवाजानुसार तो एनसी-४ वर चढून पुढचा मान घेऊ शकत होता. पण नौदल मंत्री जोसेफस डॅनियल्स यांनी स्पष्ट केलं, बोट रीडच नेणार.

२७ मे ला रीड आणि त्याचे ५ साथीदार लिस्बनला उतरले. अटलांटिक पार झाला होता!

पण कौतुक फार टिकलं नाही. जूनच्या मध्यात अल्कॉक आणि ब्राउननं कुठंही न थांबता अटलांटिक ओलांडला. रीडला थांबत थांबत १९ दिवस लागले होते. पुढं १९२७ ला लिंडबर्ग एकटा उडाला आणि रीडचं नाव आणखी मागं पडलं.

रीड नौदलातच राहिला. १९३८ मध्ये तो साराटोगा या विमानवाहू जहाजाचा कॅप्टन झाला. त्याच्या आधी त्या खुर्चीवर कोण होतं माहितीये? जॉन टॉवर्स. दुसऱ्या महायुद्धात रीडनं नव्या वैमानिकांच्या प्रशिक्षणाचं काम पाहिलं. १९६७ मध्ये तो गेला.

ते 'लंगडं बदक' आज फ्लोरिडातल्या पेन्साकोलाच्या संग्रहालयात उभं आहे. पलीकडे सर्वात आधी पोहोचलं होतं ते तेच.