विश्लेषण : रूझवेल्ट यांच्या रक्तदाबाची नोंद होती, मग उपचार का झाले नाहीत?

मोबाइल अ‍ॅपवर रोजचा रक्तदाब टिपून ठेवणारे अनेक आहेत. पण नुसती नोंद पुरेशी असते का? अमेरिकेचे ३२ वे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या अखेरच्या दहा वर्षांत याचे उत्तर सापडते.

आकडे काय सांगत होते?

१८८२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथे जन्मलेल्या रूझवेल्ट यांचे पाय १९२१ मध्ये पोलिओचे निदान झालेल्या आजाराने लुळे पडले. तरीही ते १९३३ मध्ये अध्यक्ष झाले. १९३५ मध्ये त्यांचा रक्तदाब १३६/७८ होता. १९३७ मध्ये तो १६२/९८, तर १९४१ मध्ये १८८/१०५ वर गेला. दवाखान्यात वारंवार १४०/९० किंवा अधिक भरणारा रक्तदाब आज उच्च मानला जातो.

दुर्लक्ष का झाले?

त्यांचे डॉक्टर रॉस मॅकइंटायर हे कान-नाक-घसा तज्ज्ञ होते. शिवाय वाढलेला दाब ही शरीराचीच गरज असून तो उतरवणे धोक्याचे, असे तेव्हाचे अनेक डॉक्टर मानत. प्रभावी औषधेही नव्हती. मार्च १९४४ मध्ये कन्या अ‍ॅना यांच्या आग्रहामुळे हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी तपासणी केली. रक्तदाब १८६/१०८ होता, हृदय वाढले होते आणि कमकुवतही झाले होते. डिजिटॅलिस, कमी मीठ, विश्रांती, कमी सिगारेट असे उपचार सुरू झाले. धाप कमी झाली, दाब मात्र उतरला नाही. जनतेला प्रकृती उत्तम असल्याचेच सांगितले गेले. नोव्हेंबरमध्ये ते चौथ्यांदा निवडून आले.

अखेर कशी झाली?

फेब्रुवारी १९४५ मधील याल्टा परिषदेत ते थकलेले दिसत होते. १२ एप्रिल रोजी जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे चित्रकारासमोर बसले असताना त्यांचे डोके असह्य दुखू लागले. ब्रुएन यांनी मोजलेला रक्तदाब ३००/१९० च्या घरात होता. मेंदूतील रक्तस्रावाने त्याच दुपारी वयाच्या ६३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. हृदयविकाराची कारणे शोधणारा फ्रॅमिंगहॅम अभ्यास १९४८ मध्ये सुरू झाला. रक्तदाब उतरवणारे क्लोरोथायझाइड १९५८ मध्ये आले.

अ‍ॅपमुळे काय बदलते?

नोंद आणि उपचार यांतील अंतर कमी होऊ शकते. भारतात २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातील पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्यातील ‘सिंपल’ अ‍ॅपमध्ये आरोग्य कर्मचारी रुग्णाचा रक्तदाब व औषधे नोंदवतात. ठरल्या तारखेला न आलेल्यांची यादी अ‍ॅप देते, म्हणजे त्यांना फोन करून बोलावता येते.

घरी अ‍ॅप वापरताना काय लक्षात ठेवावे?

मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून मिळणाऱ्या आकड्यावर विसंबू नये. दंडाला पट्टा बांधायचे प्रमाणित यंत्र वापरावे. पाच मिनिटे शांत बसून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून दोनदा मोजावे. आकडे सतत वाढलेले दिसल्यास डॉक्टरांना दाखवावेत आणि औषध मनाने बंद करू नये. रूझवेल्ट यांच्या काळी नसलेली औषधे आज सरकारी दवाखान्यातही मिळतात.